रोजच्या बोलण्यातील इंग्रजी फ्रेजल व्हर्ब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील गावांमधून इंग्रजी बोलायला शिकणारे महाविद्यालयीन विद्यार्थी, भरतीची तयारी करणारे उमेदवार आणि जंगल पर्यटनातील गाइड जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसऱ्या उत्तरात पुन्हा न सांगता तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फ्रेजल व्हर्ब म्हणजे नेमके काय?

एखादे साधे क्रियापद आणि त्याला जोडून येणारा 'अप', 'ऑफ', 'आउट', 'ऑन', 'डाऊन' यांसारखा लहान शब्द मिळून जेव्हा एकच अर्थ देतात, तेव्हा त्या जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर. परंतु 'ही गेव्ह अप खर्रा' या वाक्यात देण्याचाही संबंध नाही आणि वर-खालीचाही नाही. त्याने खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणे सोडले, एवढाच त्याचा अर्थ आहे. सगळ्याच जोड्या अशा फसव्या नसतात. 'सिट डाऊन', 'कम बॅक', 'गो अवे' यांचा अर्थ शब्दांवरूनच लागतो आणि त्यांच्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्यामुळे 'गेट', 'पुट', 'टेक', 'टर्न' हे शब्द कोणालाच नवे नसतात. त्यांच्या जोड्या मात्र बहुतेकांना नव्या असतात.

२. मराठीत असे काही नाही, म्हणूनच हे आपल्याला जड जाते का?

मराठीत असे भरपूर आहे. फोन लागतो, भूक लागते, मन लागते, ऊन लागते आणि एखाद्याची वाटही लागते. या सगळ्यांत 'लागणे' एकच असले तरी अर्थ प्रत्येक वेळी वेगळा आहे आणि तो आपण यादी करून शिकलेलो नाही. 'खाऊन टाक' असे म्हणताना काही टाकायचे नसते. विदर्भात 'तू काय करून राहिला?' असे विचारताना कोणी राहण्याची चौकशी करत नाही. फरक एवढाच आहे, की मराठीत ही छटा बहुधा दुसऱ्या क्रियापदाने येते आणि इंग्रजीत ती दिशा दाखवणाऱ्या लहान शब्दाने येते. 'खाऊन टाक' म्हणजे 'ईट इट अप' आणि 'फेकून दे' म्हणजे 'थ्रो इट अवे', असे शेजारी ठेवून पाहिले की परकेपणा बराच कमी होतो.

३. 'एक्स्टिंग्विश' हा एक शब्द असताना 'पुट आउट' हे दोन शब्द कशाला?

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबाराच्या आणि न्यायालयाच्या व्यवहारात फ्रेंच आली, पुढे विद्येच्या भाषेतून लॅटिन शब्दांची भर पडली, आणि घरातल्या व शेतातल्या बोलण्यात मात्र जुने लहान शब्दच राहिले. म्हणून इंग्रजीत एकाच गोष्टीसाठी अनेकदा दोन थर सापडतात. आपल्याकडेही ग्रामसभेच्या इतिवृत्तात सभा 'तहकूब' होते आणि पारावर बसलेली माणसे ती 'पुढे ढकलली' असे म्हणतात. तसाच 'पोस्टपोन' आणि 'पुट ऑफ' यांचा संबंध आहे. चुलीतला जाळ विझवायला सांगताना 'एक्स्टिंग्विश द फायर' म्हटले तर चूक होणार नाही, पण ते अग्निशमन विभागाच्या सूचनेसारखे वाटेल. परक्या माणसाला या जोड्यांचा सर्वांत जास्त त्रास होतो, असे सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवले आहे. त्यामुळे अडखळणाऱ्याने स्वतःला कमी लेखू नये.

४. एकूण किती पाठ करावे लागतील? बाजारातल्या पुस्तकांत तर हजारो असतात.

हजारोंची गरज नाही. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी २००७ साली ब्रिटिश इंग्रजीच्या सुमारे १० कोटी शब्दांच्या संग्रहात फ्रेजल व्हर्ब मोजले, तेव्हा एकूण वापरापैकी जवळजवळ एक तृतीयांश वापर केवळ २५ जोड्यांचा आणि निम्म्याहून अधिक वापर १०० जोड्यांचा निघाला. यात एक मेख आहे. त्या १०० जोड्यांना सरासरी पाचांहून अधिक अर्थ आहेत. मात्र सगळे अर्थ सारखे चालत नाहीत. पुढे २०१५ साली मेलोडी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी १५० जोड्यांची यादी केली, तिच्यात प्रत्येक जोडीचे मुख्य अर्थ सरासरी दोनच ठेवावे लागले.

माझे मत असे आहे, की वर्णानुक्रमाने पाठांतर करणे ही सर्वांत वाईट रीत आहे. 'पुट ऑफ', 'पुट ऑन', 'पुट आउट', 'पुट अप' एकाच पानावर वाचले की चौघांची सरमिसळ होते आणि बोलताना नेमका नको तो तोंडी येतो.

५. मग सुरुवात कोठून करावी?

आपल्या दिवसातील प्रसंगांपासून करावी, आणि वहीत सुटी जोडी न लिहिता पूर्ण वाक्य लिहावे. सकाळी डोळे उघडतात ते 'वेक अप' आणि माणूस अंथरूण सोडतो ते 'गेट अप'. 'आय वेक अप ॲट फाइव्ह, बट आय गेट अप ॲट सिक्स' हे वाक्य थंडीच्या दिवसांत पुष्कळांना लागू पडते. कपडे अंगावर चढवण्याची क्रिया 'पुट ऑन' आणि ते अंगावर असणे म्हणजे 'वेअर'. लाइट गेली तर 'द पॉवर हॅज गॉन आउट' आणि आली तर 'इट्स कम बॅक ऑन'. डीपी जळाली असेल तर 'द ट्रान्सफॉर्मर हॅज बर्न्ट आउट' म्हणावे, कारण 'डीपी' म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही.

शेतीच्या बोलण्यातही या जोड्या सहज बसतात. पेरलेले उगवले नाही, तर 'द सीड्स डिडंट कम अप'. विहीर आटली, तर 'द वेल हॅज ड्राइड अप'. कापसाचे भाव चढले, तर 'प्राइसेस हॅव गॉन अप' आणि पडले, तर 'प्राइसेस हॅव कम डाऊन'. भाव वाढेल म्हणून कापूस घरातच ठेवला असेल, तर 'वी आर होल्डिंग ऑन टू अवर कॉटन' हे वाक्य अगदी नेमके आहे. दुकानात खत संपले असेल, तर दुकानदार 'वी हॅव रन आउट ऑफ फर्टिलायझर' असे सांगेल. अशी वीस-पंचवीस वाक्ये तयार झाली, की प्रश्न ४ मधील सर्वाधिक चालणाऱ्या जोड्यांपैकी बऱ्याच त्यांत आपोआप आलेल्या दिसतात.

६. 'मोटर बंद कर' याला 'क्लोज द मोटर' का म्हणता येत नाही?

मराठीत दार, दुकान, पंखा आणि मोटर हे सारे 'बंद' होते. इंग्रजीत मात्र 'क्लोज' हा शब्द दार, डबा, फाटक, दुकान यांसारख्या गोष्टींसाठी आहे. विजेवर किंवा इंजिनावर चालणाऱ्या वस्तूसाठी 'टर्न ऑन' व 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑन' व 'स्विच ऑफ' म्हणावे. आवाज किंवा कूलरचा वेग वाढवायचा तर 'टर्न अप' आणि कमी करायचा तर 'टर्न डाऊन'. 'ऑफ द फॅन' किंवा 'ऑन द मोटर' ही वाक्ये आपल्याकडे सर्रास ऐकू येतात, परंतु त्यांत क्रियापदच नाही.

७. 'टर्न ऑफ द मोटर' बरोबर की 'टर्न द मोटर ऑफ'?

दोन्ही बरोबर आहेत आणि अर्थात फरक नाही. फरक सर्वनाम आले की पडतो. 'इट', 'देम', 'हिम', 'हर', 'मी', 'अस' यांपैकी काहीही आले, तर ते मध्येच बसते. म्हणून 'टर्न इट ऑफ' बरोबर आणि 'टर्न ऑफ इट' चूक. 'पिक देम अप' बरोबर आणि 'पिक अप देम' चूक. उलट कर्म लांबलचक असेल, तर जोडी तोडू नये. 'टर्न ऑफ द मोटर नियर द ओल्ड वेल' हे ऐकणाऱ्याला सोपे जाते. तेवढे सगळे मध्ये घातले, तर शेवटचा 'ऑफ' येईपर्यंत मोटर चालू करायची की बंद, हेच त्याला कळत नाही. या पानावरचा एकच नियम लक्षात ठेवायचा असेल, तर सर्वनामाचा ठेवावा.

८. पण 'लुक आफ्टर' मध्ये तर 'लुक हिम आफ्टर' चालत नाही. कोणती जोडी तुटते आणि कोणती नाही, हे ओळखायचे कसे?

प्रथम कर्म आहे का ते पाहावे. 'द बस ब्रोक डाऊन' मध्ये कर्मच नाही, त्यामुळे तोडण्याचा प्रश्नच येत नाही. कर्म असेल, तर दुसऱ्या शब्दाकडे पाहावे. 'फॉर', 'आफ्टर', 'ॲट', 'इनटू', 'विथ' यांच्या जोड्या तुटत नाहीत, म्हणून 'लुक आफ्टर हिम', 'लुक फॉर इट', 'रन इनटू देम' असेच म्हणावे लागते. 'अप', 'आउट', 'ऑफ', 'डाऊन', 'अवे', 'बॅक' यांच्या जोड्या बहुधा तुटतात.

'बहुधा' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. 'गेट ऑफ द बस' मध्ये 'ऑफ' असूनही जोडी तुटत नाही. 'ओव्हर' तर दोन्हीकडे असतो. तापातून बरे होण्यासाठी 'गेट ओव्हर इट' म्हणतात, पण किल्ल्या सुपूर्द करण्यासाठी 'हँड देम ओव्हर' म्हणतात. याच्या उलट टोकाला 'टेल अपार्ट' आहे, जी नेहमी तुटलेलीच असते. सारख्या दिसणाऱ्या बैलजोडीबद्दल 'आय कांट टेल द टू बुलॉक्स अपार्ट' असेच म्हणावे लागते, मग कर्म सर्वनाम असो वा नाम. अशा जोड्या पूर्ण वाक्यानिशीच लक्षात ठेवलेल्या बऱ्या.

९. एसटीत, काळी-पिवळीत आणि जिप्सीत चढण्या-उतरण्यासाठी वेगवेगळे शब्द का?

ज्या वाहनात उभे राहून चालता येते, त्यासाठी 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. ज्यात वाकून आत शिरून बसावे लागते, त्यासाठी 'गेट इन' आणि 'गेट आउट'. एसटी आणि रेल्वे पहिल्या गटात, तर ऑटो, कार आणि काळी-पिवळी दुसऱ्या गटात येतात. ज्यावर टांग टाकून बसतात त्या मोटारसायकलला आणि घोड्यालाही 'गेट ऑन'च लागते. कोणाला फाट्यावर सोडायचे असेल, तर 'ड्रॉप मी ऑफ ॲट द क्रॉसरोड्स' आणि कोणाला घ्यायला यायचे असेल, तर 'पिक मी अप'.

आपल्याकडे उतरण्यासाठी 'गेट डाऊन' म्हणण्याची पद्धत आहे. देशात ते चालून जाते, पण ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वारावरून परदेशी पर्यटकांना आत नेणाऱ्या गाइडने ते टाळावे. जंगलात ठरावीक जागा सोडून गाडीतून उतरण्यास मनाई असते, आणि 'डोंट गेट डाऊन' हे ऐकून परदेशी पाहुणा 'खाली वाकू नका' असे समजू शकतो, कारण त्याच्या कानाला 'गेट डाऊन' म्हणजे खाली वाका किंवा झोपा. तेथे 'प्लीज डोंट गेट आउट ऑफ द व्हेइकल' हेच वाक्य हवे.

१०. फोनवर बोलताना कोणत्या जोड्या लागतात?

नागपूरच्या एखाद्या कंपनीतून मुलाखतीसाठी फोन आला आहे आणि नेटवर्कसाठी गच्चीवर जावे लागत आहे, असा प्रसंग धरू. पायऱ्या चढेपर्यंत समोरच्याला थांबवायचे असेल, तर 'हँग ऑन, प्लीज' किंवा 'होल्ड ऑन, प्लीज'. त्याचा आवाज तुटक येत असेल, तर 'सॉरी, यू आर ब्रेकिंग अप'. हळू बोलत असेल, तर 'कुड यू स्पीक अप, प्लीज?' मध्येच लाइन तुटली आणि पुन्हा लागली, तर 'सॉरी, वी गॉट कट ऑफ'. आपण लावत होतो आणि लागत नव्हता, तर 'आय कुडंट गेट थ्रू'. नंतर करायला सांगायचे असेल, तर 'कुड यू कॉल मी बॅक?'

दोन जागा जपाव्यात. 'हँग ऑन' म्हणजे थांबा आणि 'हँग अप' म्हणजे फोन ठेवणे. फरक एका लहान शब्दाचा आहे आणि अर्थ अगदी उलट आहेत. दुसरे असे, की 'ठेवतो मग' याचे 'आय ॲम कीपिंग द फोन' असे करू नये. 'आय हॅव टू गो नाऊ, थँक यू' एवढे पुरे आहे. 'ही हंग अप ऑन मी' हे वाक्य तर तक्रारीचे आहे. माझे बोलणे संपण्याआधीच त्याने फोन आपटला, असा त्याचा सूर असतो.

११. तीन शब्दांच्या जोड्यांचे काय करायचे?

त्या बहुधा तुटत नाहीत, त्यामुळे एका अर्थाने त्या सोप्या आहेत. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, 'कट डाऊन ऑन' म्हणजे कमी करणे, 'गेट अलाँग विथ' म्हणजे पटणे, 'कॅच अप विथ' म्हणजे पुढे गेलेल्याला गाठणे. अडचण 'लुक फॉरवर्ड टू' मध्ये येते. त्यातील 'टू' पुढे नाम येते, जसे 'द चिल्ड्रन आर लुकिंग फॉरवर्ड टू तान्हा पोळा'. नाम चालते, म्हणून क्रियापद आले तरी ते 'आयएनजी' लावूनच यावे लागते. 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' बरोबर आहे. 'टू मीट यू' ही चूक मुलाखतीच्या पत्रांत फार दिसते.

१२. एकाच जोडीचे इतके अर्थ असतील, तर ऐकताना कोणता धरावा?

शेजारचे नाम पाहावे. 'गो ऑफ' घ्या. 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर वाजला, 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले, 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' म्हणजे दूध नासले, आणि 'द बॉम्ब वेंट ऑफ' म्हणजे स्फोट झाला. गजर, दिवा, दूध, बॉम्ब हे शब्दच अर्थ ठरवतात. तसेच 'टर्न डाऊन' रेडिओबरोबर आले, तर आवाज कमी करणे. 'दे टर्न्ड डाऊन द प्रपोजल' असे आले, तर स्थळ नाकारणे. 'टेक ऑफ' चपलांबरोबर काढणे आणि विमानाबरोबर उडणे. या प्रत्येक जोडीचे दोन अर्थ पक्के असले, की तिसरा संदर्भावरून निघतो.

१३. 'अप' म्हणजे वर, तर विहीर 'ड्राय अप' कशी होते?

येथे 'अप' पूर्णत्व दाखवतो; पार आटली, अजिबात पाणी नाही, असा त्याचा भाव आहे. 'फिल अप' काठोकाठ भरणे, 'यूझ अप' सगळे वापरून टाकणे, 'ईट अप' खाऊन टाकणे. मात्र या तर्कावर फार विसंबू नये. घर जळून कोसळले, तर 'बर्न डाऊन' आणि कागद जळून राख झाली, तर 'बर्न अप'. फॉर्म भरण्याला ब्रिटनमध्ये 'फिल इन' आणि अमेरिकेत 'फिल आउट' म्हणतात. आपण सेतू केंद्रात 'फिल अप' म्हणतो आणि तेही समजले जाते.

१४. मला जोड्या येतात, पण बोललेल्या ऐकू येत नाहीत. असे का?

कारण बोलताना शब्द एकमेकांत मिसळतात. 'पिक इट अप' हे कानावर 'पिकिटप' असे पडते आणि 'टर्न इट ऑफ' हे 'टर्निटॉफ' असे. जोर 'अप' आणि 'ऑफ' यांवर असतो. 'लुक ॲट इट' मध्ये मात्र जोर 'लुक'वर असतो आणि 'ॲट' जवळजवळ गिळला जातो. प्रश्न ८ मधील न तुटणाऱ्या 'फॉर', 'ॲट' गटाचे हे आणखी एक लक्षण आहे. मोठ्याने म्हणून सराव केल्याशिवाय कान तयार होत नाही.

१५. 'ब्रेकडाऊन' एक शब्द लिहावा की दोन?

नाम असेल तर एक आणि क्रियापद असेल तर दोन. नामात जोर पहिल्या भागावर येतो. 'चेकअप', 'बॅकअप', 'कटऑफ', मालवाहू 'पिकअप' आणि 'लॉकडाऊन' ही सगळी आपण रोज मराठीत वापरतो ती नामे आहेत. ती उलगडून क्रियापद केली, की तयार जोडी हाती येते.

१६. अर्जात आणि मुलाखतीत या जोड्या वापराव्यात का?

मुलाखतीत जरूर वापराव्यात. अर्जात निवडून वापराव्यात. 'कॅरी आउट', 'सेट अप', 'पॉइंट आउट', 'लुक इनटू', 'हँड ओव्हर' या जोड्या सरकारी पत्रातही शोभतात. 'पुट ऑफ' ऐवजी 'पोस्टपोन' लिहावे. 'थ्रो अप' म्हणजे उलटी होणे, हे डॉक्टरांना तोंडी सांगायला ठीक आहे; रजेच्या अर्जात नको.

१७. स्पर्धा परीक्षेसाठी वेगळी तयारी लागते का?

थोडी लागते. परीक्षेत 'डू अवे विथ' म्हणजे नाहीसे करणे, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे, 'गिव्ह इन' म्हणजे दबावापुढे नमणे, 'ब्रिंग अप' म्हणजे वाढवणे किंवा विषय काढणे, अशा जोड्यांना पसंती असते आणि पर्यायांत 'गिव्ह अप' व 'गिव्ह इन' शेजारी ठेवलेले असतात. त्यामुळे परीक्षेची यादी वेगळी ठेवावी. बोलण्याची वही तिच्यात मिसळू नये.

१८. आपल्याकडे चालणाऱ्या, पण बाहेर गोंधळ करणाऱ्या जोड्या कोणत्या?

सर्वांत ठळक 'पास आउट'. 'आय पास्ड आउट इन २०२२' याचा अर्थ आपल्या दृष्टीने पदवी मिळाली असा असतो; इंग्लंड-अमेरिकेतील ऐकणारा मात्र तुम्ही बेशुद्ध पडलात असे समजतो. पदवीसाठी 'ग्रॅज्युएटेड' म्हणावे आणि मे महिन्यातील उन्हात कोणी चक्कर येऊन पडले, तर त्यासाठी 'पास्ड आउट' राखून ठेवावे. 'कोप अप विथ' मधला 'अप' अनावश्यक आहे, 'कोप विथ' पुरे. 'रिटर्न बॅक' मधला 'बॅक' तसाच. 'गेट डाऊन' विषयी प्रश्न ९ पाहावा.

१९. कोणत्या जोड्या अजिबात वापरू नयेत?

समजाव्यात, पण स्वतः वापरू नयेत अशा काही आहेत. 'नॉक अप' याचा जुन्या ब्रिटिश वापरातील अर्थ दार ठोठावून झोपेतून उठवणे असा होता. अमेरिकी बोलण्यात त्याचा अर्थ एखाद्या स्त्रीला गर्भवती करणे असा असभ्य आहे. पहाटेच्या सफारीसाठी पाहुण्यांना उठवायचे असेल, तर 'आय विल वेक यू अप ॲट हाफ पास्ट फोर' असेच सांगावे. 'हुक अप' माणसांविषयी वापरू नये, कारण त्याचा अर्थ शरीरसंबंध ठेवणे असा घेतला जातो. 'मेक आउट' मात्र सरसकट टाळण्याचे कारण नाही. कर्म नसताना अमेरिकी बोलण्यात त्याचा अर्थ प्रणयचेष्टा असा होतो, परंतु कर्म असले की तो केवळ अस्पष्ट गोष्ट ओळखू येणे असा राहतो, म्हणून 'कॅन यू मेक आउट द टायगर बिहाइंड द बांबू?' हा प्रश्न कोणालाही निर्धास्तपणे विचारता येतो.